पाच, चार, सात, आणि एकदा दोन

मी स्कोअर पेन्सिलने मांडतो,
त्याला कारण लायल ओक्विस्ट.
बाकीच्यांची घरं ठरलेली आहेत:
शॉर्टस्टॉप सहा, सेंटरफील्ड आठ,
शाईने लिहिलं तरी बिघडत नाही.
लायलच्या नावापुढे मी पाच लिहितो,
चौथ्या इनिंगला खोडून चार,
सातव्या इनिंगला सात,
आणि कागद तिथे इतका विरतो
की खालच्या पानावरची कालची मॅच दिसू लागते.

डॅव्हनपोर्टचं हे मैदान नदीला खेटून.
कुंपणामागून मिसिसिपी जाते,
मक्याचे पडाव घेऊन, कुणाची बाजू न घेता.
एप्रिलात पाणी चढलं तेव्हा
फाटकाशी वाळूच्या गोण्या रचणाऱ्यांच्या रांगेत
लायल तिसरा होता. मी पाहिलंय.

मर्ना व्होडिचका माझ्या डावीकडे,
बावीस वर्षं तीच सीट, तीच गुलाबी उशी.
ती म्हणते, ज्याला सगळं येतं
त्याला काहीच धड येत नाही.
सरासरी दोनशे अडतीस, कुंपणापार तीन.
एवढ्या पगारात एखादा खरा फटकेबाज आला असता.
मी वाद घालत नाही.
आकडे तिच्याकडे आहेत
आणि शेंगदाण्यांची पिशवीही.

पण तिला सांगू तरी कसं?
मिठासारखा आहे तो, म्हणणार होतो.
मीठ तर रोज पानात असतं,
लायल दहा-दहा दिवस बाकावर
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
मग गाडीतली स्टेपनी? तेही नाही.
स्टेपनीला फक्त चाक व्हायचं असतं,
तिला कुणी म्हणत नाही
आज जरा वायपर हो.

मी स्वतः बत्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये रिलीफवर.
कुणी जेवायला गेलं की त्याच्या मशीनवर मी,
कुणाची बायको बाळंत झाली की त्याच्या पाळीला मी.
निवृत्तीच्या केकवर माझ्या नावाखाली काय लिहावं
यावर ऑफिसात दहा मिनिटं खल झाला.
शेवटी फूल काढलं.

असो. लायलच्या पिशवीत चार ग्लव्ह्ज असतात.
एक आतल्या मैदानाचा, तळव्याएवढा, घामाने काळा.
एक आउटफील्डचा, त्याची वादी बुटाच्या नाडीने शिवलेली.
एक फर्स्ट बेसचा, कुणाकडून तरी उसना,
परत द्यायचा राहून गेलेला.
चौथा कॅचरचा.
तो पाच वर्षांत एकदाच बाहेर आला.

ऑगस्ट. तेरावी इनिंग. दिव्यांभोवती माशांचे ढग.
आमचा कॅचर अंगठा धरून आत गेला,
दुसरा आधीच वापरून झालेला.
लायल तेव्हा लेफ्ट फील्डात.
मॅनेजरने तोंड उघडायच्या आत
तो धावत येत होता, वाटेतच ग्लव्ह काढत.
पॅड घाईत बांधले, डावा उजव्या पायाला.
त्याच्या जागी एक पिचर धाडला,
तो तिथे उभा राहिला
चुकीच्या स्टेशनवर उतरल्यासारखा.

तीन चेंडू मातीत आपटले.
तिन्ही लायलने छातीवर घेतले.
थर्ड बेसवरचा गडी तिथेच उपाशी राहिला.
मी सात खोडून दोन लिहिला, जरा दाबूनच.

चौदाव्या इनिंगला लेफ्टला एक झेल उडाला,
उंच, सोपा, शाळकरी पोरानेही घेतला असता असा.
पिचर पुढे आला, मागे गेला,
पुन्हा पुढे आला.
चेंडू त्याच्या पाठीमागे पडला.

मॅच गेली.
लायल मास्क डोक्यावर सरकवून
लेफ्टकडे बघत राहिला,
आपण घरी कुलूप लावलं होतं ना,
असं आठवत असल्यासारखा.

मर्ना उशी काखेत घेऊन उठली.
म्हणाली, "तिथे जर तो असता..."
आणि थांबली.
खाली कुणीतरी बेस उचलायला लागलं होतं.
तिने पिशवी माझ्यापुढे धरली.
तळाशी चार-पाच दाणे होते, बाकी सगळी टरफलं.